अंदाजावर चाललेली औषधं

बाईनं सरकारी दवाखान्यात ‘अंगावर पांढरं जातं’ असं सांगितलं की नियमाप्रमाणे तिच्या हातात हिरवं पाकीट पडतं. आत सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. पुरुषाच्या लघवीच्या वाटेनं पू येत असेल तर पाकीट राखाडी, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. जननेंद्रियावर जखम असेल तर पांढरं, जखमवाल्याला पेनिसिलिन सोसत नसेल तर निळं, पाण्याचे बारीक फोड असतील तर लाल, ओटीपोट दुखत असेल तर पिवळं, जांघेत गाठ आली असेल तर काळं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, म्हणजे नाकोनं, लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांसाठी ही सात रंगांची सोय देशभर लावून दिली. पाकिटाचा रंग रोग्याच्या तक्रारीवरून आणि डॉक्टरच्या डोळ्यांना जे दिसतं त्यावरून ठरतो. रक्त, स्राव, सूक्ष्मदर्शक यांतलं काही मध्ये आलंच पाहिजे अशी अट नाही.

या सोयीबद्दल माझं म्हणणं एवढंच, की ती शहाणपणानं सुरू झाली आणि तिचा मुक्काम फार लांबला. गरीब मुलखात प्रयोगशाळा नाही, म्हणून तात्पुरता काढलेला तोडगा हळूहळू गरीब मुलखाचा कायमचा दर्जा होऊन बसला. त्याची किंमत पुरुषांपेक्षा बायका जास्त मोजतात, आणि ती कुठल्याही सरकारी खर्चाच्या रकान्यात दिसत नाही.

सुरुवातीचं शहाणपण आधी मान्य करू. परमा, म्हणजे गनोरिया, ओळखायचा तर त्याचे जंतू वाढवून बघावे लागत. हे जंतू शरीराबाहेर पडले की थंडीनं, कोरडेपणानं लगेच मरतात. त्यांना रक्त घालून शिजवलेलं खास माध्यम लागतं, कार्बन डायऑक्साइड लागतो, शरीराइतकी ऊब लागते. आफ्रिकेतल्या किंवा आपल्याकडच्या खेड्यात हे कुठून आणायचं? रोगी सोळा मैल चालून आला, अहवाल आठवड्यानं मिळणार, तोवर तो परत येईलच याचा भरवसा नाही. मग जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, लक्षणं बघा, त्या लक्षणांमागं जे जे आजार असू शकतात त्या सगळ्यांवर एकदम औषध द्या, आणि रोग्याला त्याच भेटीत मोकळं करा. टांझानियातल्या म्वान्झा भागात याची रीतसर परीक्षा झाली. साध्या आरोग्य केंद्रांत अशा पद्धतीनं उपचार सुरू केल्यावर त्या वस्त्यांत एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. हा निष्कर्ष १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभरच्या आरोग्य खात्यांना हुरूप आला. तो खोटा नव्हता.

पण पुरुषाच्या बाबतीत जमणारा हा हिशेब बाईच्या बाबतीत जमत नाही. पुरुषाला पू दिसतो, जळजळ होते. मागं परमा नाहीतर क्लॅमिडिया असण्याची शक्यता मोठी असते, दोन्हींवर एकदम औषध दिलं की बहुतेक वेळा काम भागतं. बाईला जाणाऱ्या पांढऱ्या स्रावामागं बहुधा कँडिडा नावाची बुरशी असते, किंवा योनिमार्गात एरवीच राहणाऱ्या जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन असतं. हे दोन्ही आजार नवऱ्याकडून आले असं म्हणता येत नाही. कधी तो स्राव आजारच नसतो, अंगाचा नेहमीचा धर्म असतो. आणि जे खरोखर लैंगिक संबंधांतून येतात ते परमा आणि क्लॅमिडिया बाईच्या गर्भाशयाच्या मुखाशी गुपचूप बसतात. बहुतेक बायकांना त्यांची काही जाणीवच होत नाही. म्हणजे जी बोलते तिला तो आजार बहुधा नसतो, आणि जिला असतो ती बोलत नाही, कारण तिला काही होतच नाही. तक्रारीवर उभी असलेली पद्धत इथं दोन्ही बाजूंनी चुकते.

बांगलादेशातल्या मतलब भागात सारा हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच १९९९ साली आकड्यांनी दाखवलं. तक्रार घेऊन आलेल्या बायकांची प्रयोगशाळेत तपासणी केली, तर गर्भाशयाच्या मुखाचा संसर्ग फारच थोड्यांना निघाला. लक्षणांच्या तक्त्यावरून गेलं असतं तर औषधांवरच्या खर्चाचा मोठा वाटा निरोगी बायकांवर उडाला असता. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली, आणि मला ती पैशापेक्षा मोठी वाटते. ज्या घरात बाईला ‘तुला संबंधांतून आजार झालाय, नवऱ्यालाही घेऊन ये’ असं सांगून पाठवायचं, त्या घरात त्या वाक्याचं काय होईल याचा विचार तक्त्यानं केलेला नाही. मार बसू शकतो. माहेरी पाठवणी होऊ शकते. नसलेल्या आजारासाठी.

हाच प्रश्न घेऊन मध्यप्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या गावांकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, जुन्या मध्यप्रदेशची राजधानी असलेलं नागपूर विदर्भाबरोबर मुंबई राज्यात गेलं, आणि छिंदवाड्याबरोबर हा मराठी बोलणारा पट्टा मध्यप्रदेशात राहिला. सौंसरहून नागपूर सत्तर किलोमीटरच्या आत, पांढुर्ण्याहून शंभराच्या आसपास. भोपाळ त्याच्या अडीचपट दूर. संत्रं आणि कापूस नागपूरच्या बाजाराकडे बघतो, आजारी माणूसही तिकडेच बघतो. सरकारी कागद मात्र हिंदीतला आणि भोपाळच्या शिक्क्याचा. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे आता कलेक्टर जवळ आला. प्रयोगशाळा किती जवळ आली हा पुढचा प्रश्न.

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे एकमेकांवरची दगडफेक, होते. त्या दिवशी नदीकाठी वैद्यकीय पथकं उभी असतात, रुग्णवाहिका रांगेत असतात, टाके घालायची सोय जागेवर असते. म्हणजे याच गावात, उघड्यावर, काही तासांत शेकडो जखमींना सांभाळण्याची यंत्रणा प्रशासन उभी करू शकतं. जखम दिसली पाहिजे, एवढंच. जी जखम लुगड्याखाली आहे तिच्यासाठी अशी घाई कुणी केलेली मी ऐकलेली नाही.

अशी लपलेली जखम किती बायकांना असते, याचं उत्तर आपल्याच भाषेच्या मुलखातून जगाला मिळालं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली. नुसती विचारपूस केली नाही. अंतर्गत तपासणी केली आणि स्रावाचे, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत बघितले. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो अभ्यास छापला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, एकेका बाईला सरासरी ३.६ आजार, आणि त्यांतले जवळपास निम्मे संसर्गाचे. आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात आठसुद्धा नव्हत्या. या अभ्यासानं जगाचं लक्ष बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांच्या पलीकडच्या बाईकडे वळवलं, असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. मला त्यातला दुसरा धडा जास्त महत्त्वाचा वाटतो. गडचिरोलीसारख्या ठिकाणी, वीज आणि रस्ते यांची बोंब असताना, प्रयोगशाळेची तपासणी करता आली. १९८९ च्या आधी करता आली. मग ‘अशा भागात हे शक्य नाही’ हे वाक्य आपण आजही कोणत्या तोंडानं म्हणतो?

तपासणी नसली की पोकळी रिकामी राहत नाही, ती कुणीतरी भरतो. सौंसरकडच्या एखाद्या खेड्यातली बाई आधी काही महिने अंगावर काढते. मग ‘मेडिकल’वरून गोळ्या येतात. मग झोलाछाप डॉक्टरची सुई होते. मग सरकारी पाकीट. तेवढ्यानं भागलं नाही की नागपूर, आणि तिथं सोनोग्राफी. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ ही दोन वाक्यं विदर्भात आणि या पट्ट्यात जिनं ऐकली नाहीत अशी चाळिशीतली बाई सापडणं कठीण. तोंडाची ती ‘जखम’ म्हणजे पुष्कळदा आतल्या पेशींचा थर बाहेर दिसत असतो इतकंच, निरुपद्रवी. पण जखम म्हटलं की कॅन्सरची भीती घातली जाते आणि शेवटी पिशवी काढायचा सल्ला येतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट २०१९ मध्ये गाजली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या सगळ्या शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असं मी म्हणणार नाही, आणि कामाची सक्ती, मुकादम, खाडे हे त्यामागचं अर्थकारण वेगळं आहेच. पण पांढरं जाणं आणि पोटदुखी या तक्रारी घेऊन गेलेल्या बाईच्या स्रावाचा एक थेंब काचपट्टीवर कुणी बघितला होता का, हा प्रश्न तिथं विचारला गेला पाहिजे होता. ज्या आजाराचं नावच कुणी लावलं नाही, त्याच्यासाठी अवयव काढून टाकला जातो.

तो थेंब बघायला काय लागतं? मिठाच्या पाण्याचा एक थेंब, एक काचपट्टी, एक साधा सूक्ष्मदर्शक. ट्रायकोमोनास असेल तर तो वळवळताना दिसतो, फक्त नमुना ताजा आणि कोमट असताना, दहा-पंधरा मिनिटांत बघावा लागतो. दुसऱ्या पट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बुरशीचे धागे उघडे पडतात. आम्लता दाखवणारी कागदाची पट्टी साडेचारच्या वर गेली तर जिवाणूंचं संतुलन बिघडल्याचा संशय घ्यायचा. एवढं केलं की हिरव्या पाकिटातली दोन औषधं सरसकट देण्याऐवजी कोणतं द्यायचं, की कोणतंच नाही, हे कळतं. सूक्ष्मदर्शक तर मलेरिया आणि क्षय यांच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्रांत कधीचे आले आहेत. अडतं ते दुसरीकडे. पडदा असलेली खोली नसते. बाई डॉक्टर नसते. लॅब टेक्निशियनची जागा रिकामी असते, किंवा एकाच माणसावर तीन केंद्रांचा भार असतो. यांतल्या पहिल्या दोन अडचणींना तर उत्तरही सापडलेलं आहे. बाईनं स्वतः घेतलेला योनिमार्गाचा नमुना तपासणीला चालतो, हे अनेक देशांतल्या अनुभवानं सिद्ध झालं आहे. काडी कशी फिरवायची हे नर्सनं दोन मिनिटांत समजावलं की पुरे. तिसऱ्या अडचणीवर शास्त्राकडे उपाय नाही. ती भरतीची फाइल आहे.

गरमीचं, म्हणजे उपदंशाचं, प्रकरण तर याहून लाजिरवाणं. इथं चाचणी जुनी आहे. वासरमानची १९०६ ची. व्हीडीआरएल गेल्या शतकाच्या चाळिशीतली, बैलाच्या हृदयातून काढलेल्या कार्डिओलिपिनवर चालणारी, आणि तिचं रसायन आपल्याकडे कोलकात्याच्या सरकारी संस्थेत बनत आलं आहे. औषध त्याहून सोपं. सुरुवातीच्या गरमीवर बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटांची एक सुई. आईला झालेली गरमी पोटातल्या बाळाला जाते, बाळ मेलेलं जन्मतं, किंवा जन्मून काही दिवसांत जातं, किंवा हाडं, डोळे, कान बिघडून जगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१६ या एका वर्षात जगात ६ लाख ६१ हजार बाळांना आईकडून गरमी मिळाली आणि दोन लाखांहून जास्त बाळं पोटात किंवा जन्मल्यावर लगेच दगावली. क्यूबानं हे २०१५ मध्ये थांबवलं, थायलंडनं २०१६ मध्ये. आणि २०१९ मध्ये श्रीलंकेनं. श्रीलंका काही श्रीमंत देश नाही. तिथं गरोदर बाईची नोंद झाली की व्हीडीआरएल होते, आणि अहवालाचा पाठलाग करणारी सार्वजनिक आरोग्य सुईण घरापर्यंत जाते. बस्स.

आपल्याकडे नियमात हे सगळं आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते, त्यात हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही यांच्याबरोबर गरमीची चाचणीही येते. पण व्हीडीआरएल करायची तर रसायनाचं मिश्रण त्याच दिवशी ताजं बनवावं लागतं, खोलीचं तापमान सांभाळावं लागतं, पट्टी मिनिटाला १८० फेऱ्यांनी चार मिनिटं फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. पांढुर्ण्याच्या मे महिन्यात, वीज गेलेली असताना, हे करून बघा. म्हणून एका बोटातल्या रक्ताच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत एचआयव्ही आणि गरमी दोन्ही सांगणारी पट्टी आली, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदर बायकांसाठी पहिली चाचणी म्हणून तिचीच शिफारस केली. तिच्यात एक उणीव आहे. पूर्वी गरमी होऊन बरी झालेल्या बाईलाही ती ‘आहे’ म्हणते, कारण गरमीविरुद्ध शरीरात तयार झालेल्या प्रतिपिंडांची खूण बहुधा जन्मभर राहते. तेव्हा पट्टी उमटली की सुई लगेच द्यायची आणि नमुना पुढच्या तपासणीला पाठवायचा. सुईची भीती हा आणखी एक अडथळा. पेनिसिलिननं क्वचित जिवावर बेतू शकतं, म्हणून लहान दवाखाने ती टाळतात आणि बाईला पुढं धाडतात. पुढं म्हणजे कुठं, हे बसभाड्यावर ठरतं.

तज्ज्ञ मंडळी पट्टीच्या अचूकतेवर नाक मुरडतात, त्यांच्यासाठी एक कागदावरचं गणित मांडतो. समजा शंभर बायकांना गरमी आहे. उत्तम प्रयोगशाळेची चाचणी त्यांतल्या ९५ पकडते, पण अहवाल आठवड्यानं मिळतो आणि निम्म्याच बायका परत येतात. उपचार झाले ४७ जणींवर. समोर बसल्या बसल्या होणारी पट्टी समजा ८५ च पकडते, पण सुई त्याच खोलीत मिळते. उपचार ८५ जणींवर. मजुरी बुडवून आलेल्या बाईसाठी ‘उद्या या’ हा अहवालच नकारात्मक असतो.

आणि हा पट्टा सरहद्दीवरचा असल्यामुळे इथं एक खास घोळ होतो, ज्याकडे दोन्हीकडच्या आरोग्य खात्यांचं लक्ष नाही. इथली सोयरीक राज्यं बघून होत नाही. पांढुर्ण्याच्या मुली वरूडला, नरखेडला, काटोलला दिल्या जातात, सौंसरच्या सावनेरकडे, आणि तिकडच्या इकडे येतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून मोडलेली नाही. म्हणजे नोंद एका राज्यात, पहिली तपासणी एका राज्यात, आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाई दुसऱ्या राज्यात. गरमीची सुई बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी पडली तरच बाळाचा उपचार पुरेसा झाला असं धरतात. आईच्या कार्डावर चाचणीचा रकाना कोरा असेल तर माहेरच्या दवाखान्यानं काय समजायचं? झाली पण लिहिली नाही, की झालीच नाही? नवऱ्याची तपासणी तर सासरच्या राज्यात राहून जाते. बाई बरी होऊन परत जाते आणि पुन्हा लागण घेते. नागपूर, अमरावती आणि पांढुर्णा या तीन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी वर्षातून दोनदा एका टेबलाभोवती बसून माहेरवाशिणींच्या याद्या जुळवल्या तर यातलं बरंच सुटेल. त्याला केंद्राची मंजुरी लागत नाही.

यंत्रं नाहीत हा बहाणाही आता उरलेला नाही. क्षयासाठी जीनएक्स्पर्ट यंत्रं देशभर गेली. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट, बॅटरीवर चालणारं, लहानशा केंद्रात मावणारं, कोविडच्या काळात गावोगाव पोचलं. जीनएक्स्पर्टवर दुसरं काडतूस घातलं की परमा आणि क्लॅमिडिया दीड तासात कळतात. यंत्र तेच, खोली तीच, माणूस तोच. काडतूस महाग आहे हे खरं, पण क्षयासाठीचं काडतूसही महागच होतं. सरकारं, देणगीदार आणि कंपनी यांनी घासाघीस केली म्हणून ते उतरलं. १ जुलै २०२३ ला मध्यप्रदेशातल्याच शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, आदिवासी भागांतल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. गोंड आणि कोरकू वस्त्यांमध्ये बोटाला सुई टोचणारी माणसं गेली. त्याच भेटीत, वयात आलेल्यांपुरती, संमतीनं, गरमीची पट्टी करता आली नसती असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. ते झालं नाही, कारण सिकलसेल हा बिचाऱ्याला झालेला आजार समजला जातो आणि गरमी ही कुकर्माची शिक्षा.

ही समजूत किती जुनी आहे ते र. धों. कर्व्यांना विचारावं लागलं असतं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी मराठीत लिहिलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचा सगळा भर या आजारांकडे नीतीच्या नव्हे तर आरोग्याच्या डोळ्यांनी बघावं यावर होता. पांढुर्ण्याहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून रुळालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोगी मिलें’ अशी रंगवलेली अक्षरं आजही दिसतात. दवाखान्यानं मोकळ्या सोडलेल्या जागेत भिंतीवरचा वैद्य उभा राहतो.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो डावलून चालणार नाही. तपासणी हे नेहमीच बाईच्या बाजूचं हत्यार नव्हतं. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यानं इंग्रज सरकारनं लष्करी शिपायांचं आरोग्य जपायला वेश्यांची सक्तीनं तपासणी केली, आजारी निघाल्या त्यांना लॉक हॉस्पिटलात डांबलं. शिपायांना कुणी हात लावला नाही. आजही तपासणी म्हटलं की सांगलीच्या किंवा नागपूरच्या वस्तीतल्या बाईच्या मनात पोलिसाची गाडी येते, ते उगाच नाही. आणि सौंसरसारख्या गावात गुप्तता ठेवायची कशी? रक्त घेणारा पोरगा दिराचा मित्र निघतो. अहवालाचा कागद घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. म्हणूनच परवडणारी माणसं साधी चाचणीही नागपूरला जाऊन, नाव बदलून करतात. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्यानं संमती आणि गुप्तता बंधनकारक केली. गरमी, परमा, क्लॅमिडिया यांना ते कवच नाही.

पण या आक्षेपातून ‘म्हणून तपासू नका’ असं निघत नाही. अंदाजावर औषध देणाऱ्या व्यवस्थेतही बदनामी होतेच, फक्त पुराव्याशिवाय होते. या आजारांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’च्या पाटीखालून बाई बाहेर पडली की गावानं निकाल लावलेला असतो. खरी चाचणी झाली तर पुष्कळ जणींना छातीठोकपणे सांगता येतं की बाई, तुझ्या या आजारात नवऱ्याचा किंवा कुणाचा काही संबंध नाही, ही बुरशी आहे. हा कागद तिच्या बाजूचा साक्षीदार असतो. उरलेल्यांना त्यांच्या आजाराचं बिनचूक औषध मिळतं. गुप्ततेसाठी नावाऐवजी क्रमांक, तपासणीची खोली गरोदर बायकांच्या तपासणीतच मिसळलेली, आणि अहवाल फक्त तिच्या हातात. यात अवघड काही नाही. पाळणारे हवेत.

पांढुर्ण्यात परम्याच्या जंतूंची लागवड करणारी प्रयोगशाळा हवी असं मी म्हणत नाही. ते काम नागपूर, भोपाळ इथल्या मोठ्या संस्थांचं आहे, आणि त्यांनी ते नेमानं केलं पाहिजे, कारण परम्यानं सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधं एकामागून एक निकामी केली. राखाडी पाकिटातलं सेफिक्झिम किती दिवस टिकेल हे जंतू वाढवून बघितल्याशिवाय कळणार नाही. २०२१ मध्ये खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनं नव्या मार्गदर्शनात म्हटलं, की जिथं जीनएक्स्पर्टसारखी रेण्वीय चाचणी त्याच दिवशी मिळू शकते तिथं ती करून मगच उपचार करा. लक्षणांवरून औषध द्यायची पद्धत ज्यांनी सुचवली तेच आता तिच्या पुढं गेले आहेत.

प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा मोहीम ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली, त्यात प्रत्येक जिल्ह्यात एक एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभी करायची तरतूद आहे. पांढुर्णा आता जिल्हा आहे. या प्रयोगशाळेचं उद्घाटन होईल तेव्हा फीत कोण कापतो हे वर्तमानपत्रात येईलच. पांढुर्णा आणि सौंसरच्या ग्रामपंचायतींनी, बचत गटांनी आणि आशा ताईंनी त्याआधी कलेक्टरला चार गोष्टी लेखी विचाराव्यात. स्रावाची काचपट्टी रोज बघितली जाणार का? गरमीची पट्टी आणि पेनिसिलिनची सुई एकाच खोलीत असणार का? क्षयाच्या यंत्रात परमा-क्लॅमिडियाचं काडतूस कधी बसणार? आणि लॅब टेक्निशियनच्या मंजूर जागा किती, त्यांतल्या भरलेल्या किती? माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.